हिरव्या गावातले बेपत्ता आजारी

"लिहून घ्या," तर्कसम्राट डोळे मिटून म्हणाले. "ज्यांच्या नजरेसमोरून मुंगीसुद्धा मान खाली घालून जाते, ज्यांच्या बुद्धीपुढे भल्याभल्या गुन्हेगारांनी नांगी टाकली, ज्यांना पाहताच कुलपं आपणहून खरं बोलू लागतात, असे एकमेवाद्वितीय तर्कसम्राट..."

"कुलपं?" कंपाउंडरने विचारलं.

"कुलपंच. तुम्ही लिहा. असे एकमेवाद्वितीय तर्कसम्राट यांनी आज सकाळी दुसरा चहा घेऊन हे प्रकरण हाती घेतलं."

कंपाउंडरने ते औषधाच्या रिकाम्या खोक्यावर लिहून घेतलं. दुसरा कागद नव्हता अशातला भाग नाही. पण त्या दवाखान्यात त्या दिवसांत रिकाम्या खोक्यांइतकं मुबलक दुसरं काहीच नव्हतं.

तर्कसम्राट हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. वजनमापं तपासणारे निरीक्षक म्हणून त्यांनी उभी नोकरी दुकानदारांच्या तराजूंवर संशय घेण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर तराजू हातचे गेले, संशय मात्र शिल्लक राहिला. निरोपसमारंभात वक्ते कमी पडले तेव्हा ते स्वतःच स्वतःविषयी बोलायला उभे राहिले आणि खाली बसण्यापूर्वी ही पदवी स्वतःला देऊन मोकळे झाले. गाव त्यांना तोंडावर 'सम्राट' म्हणे आणि पाठीमागे 'तर्कट'. वाचनालयाचं हरवलेलं घड्याळ शोधणं ही त्यांची सर्वांत गाजलेली कामगिरी. ते घड्याळ दुरुस्तीला दिलेलं होतं आणि दुरुस्तीवाल्यानेच ते परत आणलं. पण तो आला तेव्हा सम्राट दारात उभे होते, हे कुणालाच नाकारता येत नाही. शिवाय ते नगराध्यक्षांचे साडू होते. गुप्तहेराला याहून जास्त पात्रता लागते असं कुठे लिहिलेलं नाही.

प्रकरण असं होतं. गावात उलट्या-जुलाबांची साथ आली होती. दवाखान्याचा वॉर्ड भरला, मग व्हरांडा भरला, मग डॉक्टरीणबाईंची बसायची खोली भरली आणि त्या उभ्यानेच रोगी तपासू लागल्या. सलाईनच्या बाटल्या ठेवायचं कपाट कंपाउंडरच्या ताब्यात होतं आणि त्याचे वरचे खण कधीच रिकामे झाले होते. खिडकीजवळच्या खाटेवर त्याची स्वतःची आई होती. तिच्या पोटात पाण्याचा घोट ठरत नव्हता.

बाटल्या राजधानीतून येत. तिथल्या मोठ्या आरोग्य कार्यालयात भिंतभर नकाशा होता आणि त्यात देशातल्या प्रत्येक गावाला रंग होता. ज्या गावात साथ, ते लाल. लाल गावाला बाटल्यांचे ट्रक जात, पांढऱ्या कोटातली पथकं जात. जे गाव धडधाकट, ते हिरवं. हिरव्या गावाला अभिनंदनाचा फोन जाई.

आपल्या गावाला अभिनंदनाचा फोन आला होता.

नगराध्यक्षांना आधी त्याचा आनंदच झाला. चौकात फलक लावायचा विचारही त्यांनी बोलून दाखवला. मग साथ त्यांच्या घरात शिरली, आणि एका सकाळी आठ वेळा उठबस केल्यावर त्यांना हिरव्या रंगातला फोलपणा कळला. त्यांनी साडूंना बोलावलं, आणि डॉक्टरीणबाईंना निरोप धाडला की तपासाला एक मदतनीस द्या. बाईंनी कंपाउंडर दिला. कपाटात फारसं काही उरलं नसल्यामुळे त्याच्याकडेच सगळ्यांत कमी काम होतं.

सम्राटांनी सर्वप्रथम राजधानीला फोन लावायला सांगितला. डॉक्टरीणबाईंनी लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"तुमचा दवाखाना भरलाय असं तुम्ही म्हणता," राजधानीतले साहेब म्हणाले. त्यांचा आवाज भरपेट जेवलेल्या माणसाचा होता. "पण नकाशात तुम्ही हिरवे आहात."

"अहो, मी रोज आकडे पाठवतेय!"

"मिळतात ना. वेळेवर मिळतात. तक्ताही सुबक असतो. पण ते झाले संशयित. नकाशा संशयावर चालत नाही, पुराव्यावर चालतो. प्रयोगशाळेत जंतू सापडला की रंग आपोआप बदलतो."

"सापडलाय! नमुन्यांचे निकाल माझ्या हातात आहेत."

"मग प्रयोगशाळेने ते आमच्याकडेही पाठवलेच असतील."

"मग आम्ही हिरवे कसे?"

"नकाशात तसं आहे म्हणून," साहेबांनी समजावून सांगितलं.

बाईंनी एकदा डोळे मिटून उघडले. "बरं, आसपासच्या गावांची काय स्थिती आहे ते तरी सांगा. साथ कुठून आली ते तरी कळेल."

"ते सांगता येणार नाही. प्रत्येक गावाला फक्त स्वतःचा रंग दिसतो. दुसऱ्याचा रंग ही राष्ट्रीय माहिती आहे. आणखी काही? नसेल तर गाव निरोगी ठेवल्याबद्दल पुन्हा एकदा अभिनंदन."

फोन ठेवल्यावर सम्राट खोलीत दोन फेऱ्या मारणार होते, पण रोग्यांमुळे जागा नव्हती. त्यांनी जागच्या जागी दोन गिरक्या घेतल्या.

"सरळ आहे. आकडे इथून निघतात, तिथे पोचत नाहीत. म्हणजे वाटेत चोर आहे."

"पण आकडे पोचतात, असं साहेब म्हणाले," कंपाउंडर म्हणाला.

"पोचतात ते संशयित. पोचत नाहीत ते सिद्ध. चोर नुसता चोर नाही, पारखी आहे. लिहून घ्या."

तपासाचा पहिला दिवस कॉम्प्युटरच्या वायरमागे गेला. ती भिंतीतून बाहेर जात होती, तिथून गच्चीवर, तिथून रस्त्यापलीकडच्या खांबावर. सम्राट भिंग घेऊन तिच्यामागोमाग गेले आणि खांबाखाली दुपारभर उभे राहिले. आकडे गळत असले तर इथेच गळणार, असं त्यांचं म्हणणं होतं. संध्याकाळपर्यंत खांबाखाली फक्त एक बटण सापडलं. त्याच्यावर चोराचं म्हणून पुष्कळ विवेचन झालं. रात्री सम्राटांच्या पत्नीने ते बटण ओळखलं आणि त्यांच्या कोटाला परत लावून दिलं.

दुसऱ्या दिवशी संशयाची सुई डॉक्टरीणबाईंकडे वळली.

"गावात साथ आली तर बदनामी कुणाची? डॉक्टरची," सम्राट त्यांना म्हणाले. "तेव्हा साथ दडवण्यात हितसंबंध कुणाचा?"

"काका, दडवायची असती तर मी राजधानीला रोज फोन कशाला केला असता?"

"तीच तर तुमची हुशारी!"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या हातात एक बादली दिली आणि व्हरांड्यातल्या तिसऱ्या खाटेकडे बोट केलं. सम्राट बादली पोचवून परत आले तेव्हा बाई दुसऱ्या रोग्याकडे गेल्या होत्या. "निर्दोष आहेत," ते कंपाउंडरला हळूच म्हणाले. "गुन्हेगार इतका कामात नसतो."

कंपाउंडर हे सगळं खोक्यांवर लिहून घेत होता खरा, पण त्याचं चित्त कपाटात होतं. बाटली कुणाला द्यायची ते डॉक्टरीणबाई ठरवत, आणि त्या न्यायाने वागत. म्हणजे ज्याची अवस्था सगळ्यांत वाईट, त्याला आधी. आईची अवस्था अजून सगळ्यांत वाईट नव्हती. ती तशी होण्याची वाट पाहायची होती. हा न्याय त्याला समजत होता आणि सहन होत नव्हता. तो चमच्याने मीठ-साखरेचं पाणी तिला पाजे आणि ती थोड्या वेळाने ते बाहेर काढी आणि वर त्यालाच म्हणे, "तुझं कशाला तोंड उतरलंय? तू खाल्लंस का काही?" तिचे ओठ सुकून पापुद्रे निघाले होते. कंपाउंडर घाबरला होता, अगदी लहानपणी घाबरायचा तसा.

"सम्राट," तो तिसऱ्या दिवशी न राहवून म्हणाला, "नमुने तपासायला पुलापलीकडच्या गावात जातात. आपल्या प्रयोगशाळेतला माणूस निवृत्त झाला, त्याच्या जागी कुणी आलंच नाही, तेव्हापासून. निळ्या पेटीत बर्फ घालून आपण त्या नळ्या दुपारच्या बसने पाठवतो. एकदा तिथे जाऊन पाहिलं तर? मला वॉर्ड सोडून जाता येत नाही, तुम्हीच जा."

सम्राटांचा चेहरा किंचित पांढरा पडला. "खरा गुप्तहेर जागेवरून हलत नाही, कंपाउंडर. गुन्हाच त्याच्याकडे चालत येतो."

खरी गोष्ट अशी की सम्राटांना बस लागत असे. पूर्वी एकदा ते एका लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर बसने गेले होते. ती सगळी बस या गोष्टीला साक्षीदार होती, आणि पुढच्या दोन रांगांतले कपडेही.

पण पुलाचं नाव निघाल्यावर त्यांच्या डोक्यात चक्रं फिरू लागली. पलीकडच्या गावाशी आपलं जुनं वैर. पूल बांधला तेव्हा रंग कुणी द्यायचा यावरून भांडण झालं, आणि शेवटी दोन्ही गावांनी अर्धा अर्धा पूल आपापल्या रंगात रंगवला. तेव्हापासून इकडचे नगराध्यक्ष तिकडच्या नगराध्यक्षांशी बोलत नव्हते, आणि त्यांचं बघून इकडची कचेरी तिकडच्या कचेरीशी.

"सापडलं!" सम्राट ओरडले. व्हरांड्यातले दोन रोगी दचकून उठले. "पलीकडचं गाव आपला रोग चोरतंय!"

"रोग?"

"आपले रोगी ते स्वतःच्या नावावर दाखवतात आणि आपल्या वाट्याच्या बाटल्या लाटतात!"

कंपाउंडर लिहायचा थांबला. त्याला वाटलं, आजवरच्या सगळ्या सिद्धान्तांत यातच काहीतरी दम आहे. पण तेवढ्यात सम्राटांनी स्वतःच मान हलवली.

"छे छे. खोडा ते. रोग कोण चोरील? पैसा चोरतात, दागिने चोरतात. जुलाब चोरल्याचं माझ्या उभ्या नोकरीत ऐकलं नाही. हे म्हणजे निव्वळ तर्कट झालं."

हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकून कंपाउंडरला खोकला आला.

मग सम्राटांनी ठरवलं की गुन्हेगार वॉर्डातच आहे आणि त्याला पकडायचं तर रोग्याचं सोंग घेतलं पाहिजे. ते चादर घेऊन कंपाउंडरच्या आईच्या शेजारच्या खाटेवर आडवे झाले. त्या खाटेवरची मुलगी बरी होऊन सकाळीच घरी गेली होती. सोंग हुबेहूब वठावं म्हणून ते अधूनमधून कण्हत, आणि आपल्यालाही एक सलाईन लावावी, नाहीतर कुणालाही संशय येईल, असं त्यांनी सुचवलं. डॉक्टरीणबाई त्यावर जे म्हणाल्या ते कंपाउंडरने लिहून घेतलं नाही.

दुपारी बाईंनी आईची नाडी पाहिली. तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती वळी तशीच राहत होती. "आता हिला लावू," त्या म्हणाल्या. कंपाउंडरने कपाट उघडलं. एक बाटली होती. ती त्याने आणली, लावली आणि कपाटाला कुलूप न घालताच परत आला. कुलूप कशासाठी घालायचं?

तेवढ्यात दुपारच्या बसने मावशी आली. ही आईची धाकटी बहीण. दोघींचं माहेर पुलापलीकडचं. आई लग्न होऊन इकडे आली आणि मावशीला तिथल्या तिथेच स्थळ मिळालं. दोन्ही गावांच्या कचेऱ्या एकमेकींशी बोलत नसल्या तरी या दोघी दर आठवड्याला बोलत. यंदा मात्र आईने आजारपण लपवून ठेवलं होतं, आणि ते मावशीला बसच्या कंडक्टरकडून कळलं.

"मला परक्यांच्या तोंडून कळावं ना!" मावशीने आल्या आल्या तोफ डागली. "किती वाळलीस गं! आणि तू रे, स्वतः कंपाउंडर ना तू? आईला चार बाटल्या लावायला हात मोडतात तुझे?"

"मावशी, बाटल्या संपल्या. ही शेवटची."

"संपल्या? अरे, आमच्याकडे शाळेचे वर्गच्या वर्ग भरलेत बाटल्यांनी! पोरांना सुट्टी दिलीय. पोरं खूश आहेत."

"बाई," शेजारच्या चादरीतून आवाज आला, "गावगप्पा हळू मारा. इथे गंभीर तपास चालू आहे."

मावशी वळली. "यांना काय झालंय?"

"काही नाही झालेलं," कंपाउंडर म्हणाला.

"मग आडवे का पडलेत?"

"तपास करतायत."

मावशीने जरा वेळ त्या चादरीकडे पाहिलं आणि विषय सोडून दिला. कंपाउंडरला मात्र आता धीर निघेना. "मावशी, तुमच्याकडे साथ आहे?"

"साथ कसली डोंबलाची! एकाचंही पोट बिघडलेलं नाही. आणि तरी बाजार बंद, शाळा बंद. आम्हाला म्हणे लाल केलंय. कुणी केलं, का केलं, देव जाणे. पांढऱ्या कोटातली माणसं दारोदार फिरतायत, कुणाला जुलाब होतायत का म्हणून. एवढी काकुळतीला आलीत बिचारी! माझ्या शेजारणीला नुसती ढेकर आली तर तासभर प्रश्न विचारत बसली तिला. मला तर दया येऊन वाटलं, उगीच हो म्हणावं."

व्हरांड्यातून येणाऱ्या डॉक्टरीणबाई दारातच थांबल्या होत्या.

"आता मला एक सांग," मावशी पुढे म्हणाली, "ती तुमची निळी पेटी. आज रिकामी परत येताना कंडक्टरने माझ्याच मांडीवर ठेवली. ती आमच्याकडे जाते ना? तिथेच उघडतात ना? मग झालं तर! मुलगी दिली की ती त्या घरची. पेटी आमच्या घरात उघडली, आजार आमच्या घराण्याला लागला. यात न कळण्यासारखं काय आहे?"

डॉक्टरीणबाई मटकन खाटेवर बसल्या. ती खाट सम्राटांची होती आणि त्या त्यांच्या पायांवर बसल्या. तेव्हा सम्राटांनी जे कण्हणं काढलं ते मात्र अगदी हुबेहूब वठलं.

बाईंनी पुलापलीकडच्या प्रयोगशाळेला फोन लावला. तिथे एकच माणूस होता, तोच नळ्या तपासायचा आणि आता आलेल्या बाटल्याही त्याच्याच ताब्यात होत्या.

"बरोबर आहे, मॅडम," लॅबवाला म्हणाला. "नमुना जिथे उघडला, रोगी तिथला. नियमच आहे. मी निकाल भरतो, गावाचं नाव कॉम्प्युटर आपलं आपण घालतो."

"अहो, मग तुम्हाला आश्चर्य नाही वाटलं? इतके आजारी आणि रस्त्यात एकही नाही?"

"वाटलं ना. मला वाटलं आमचे लोक लाजेने लपवतायत. आणि तुम्हाला विचारणार कसं? तुम्ही आमच्याशी बोलत नाही."

"बरं, आता बाटल्या पाठवा."

"त्या कशा देऊ? लाल गावाच्या बाटल्या हिरव्या गावाला दिल्या तर माझी नोकरी जाईल."

बाईंनी राजधानीला फोन लावला. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. नियम बदलायचा तर समिती बसावी लागते, ते म्हणाले. समिती या महिन्यात एकदा बसून गेली होती आणि इतक्यात पुन्हा बसणं तिच्या तब्येतीला मानवणारं नव्हतं.

कंपाउंडर आईच्या बाटलीतल्या पाण्याच्या पातळीकडे पाहत उभा होता. ती निम्म्यावर आली होती. त्याच्या डोक्यात काहीतरी हललं, आणि ते इतकं सरळ होतं की त्याला आधी त्याचाच राग आला.

"मॅडम," तो म्हणाला, "माझी आई हिरव्या गावाची नाहीच मुळी."

"म्हणजे?"

"सरकारदरबारी ही सगळी माणसं पलीकडची आहेत. लाल गावाची. बाटल्या त्यांच्याच आहेत. फक्त ती आपल्याकडे राहायला आलीत."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग वॉर्डाकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. "परतीची बस कितीला आहे?"

"आत्ता सुटेल," मावशी उठत म्हणाली. "चल."

प्रकरणाच्या अंतिम अंकाला गुप्तहेर हजर नसणं शास्त्राला धरून नाही, असं म्हणून सम्राटही निघाले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण कुणी थांबवलंही नाही. पुलाच्या आपल्या रंगाच्या भागापर्यंत ते ताठ बसले होते. पलीकडच्या रंगाला सुरुवात झाली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. गाव आलं, बस थांबली, आणि देशाचे एकमेवाद्वितीय तर्कसम्राट पायरीवरून उतरले ते थेट गटाराच्या कडेला ओणवे झाले.

पांढऱ्या कोटातलं पथक समोरच्या ओट्यावर हताश होऊन बसलं होतं. त्यांनी आधी पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं. मग ते धावले. इतक्या दिवसांच्या उपासानंतर त्यांना पहिला रोगी मिळाला होता. एकाने सम्राटांचा दंड धरला, एकाने जीभ पाहिली, तिसऱ्याने पुढे काय करायचं ते न सुचून त्यांचा फोटो काढला.

"मी आजारी नाही!" सम्राट ओरडत होते. "मी तपास करतोय!"

"भ्रम पण आहे," पथकप्रमुख समाधानाने म्हणाले. "झोपवा ह्यांना."

त्या गडबडीत कंपाउंडर मावशीच्या मागोमाग शाळेत पोचला. लॅबवाला वर्गाच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. त्याच्यामागे बाकांवर, बाकांखाली, फळ्यापर्यंत खोकी रचली होती. भरलेली खोकी.

"मी तुमच्या गावच्या रोग्यांसाठी बाटल्या न्यायला आलोय," कंपाउंडर म्हणाला.

"आमच्या गावच्या?" लॅबवाल्याने सावधपणे विचारलं.

"हो. ज्यांच्या नळ्या तुम्ही उघडल्यात, ते सगळे."

"आणि ते सध्या कुठे असतात?"

"आमच्याकडे."

"पाहुणे म्हणून?"

"असंच समजा."

लॅबवाला विचार करू लागला. तो वाईट माणूस नव्हता. एवढ्या बाटल्या आणि एकही रोगी नाही, याचा हिशोब वर कसा द्यायचा या काळजीने त्याचीही झोप उडाली होती. "किती दिवस झाले त्यांना तिकडे जाऊन?"

"काही जण तर जन्मापासून आहेत," कंपाउंडर म्हणाला.

"मग काळजी घ्यायला हवी," लॅबवाला म्हणाला आणि खुर्ची बाजूला सरकवली.

ट्रक पथकाचाच होता. खरेखुरे आजारी पुलापलीकडे आहेत हे ऐकताच पथकप्रमुखांच्या चेहऱ्यावर रंग आला आणि सगळे कोट ट्रकमध्ये चढले. सम्राटांना मात्र नेता येईना. ते त्या गावातले एकमेव डोळ्यांनी दिसलेले रोगी होते आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणं भाग होतं. मावशीने त्यांच्या जेवणाखाण्याची जबाबदारी घेतली आणि त्यांना पातळ खिमटाशिवाय काहीही दिलं नाही.

कंपाउंडर पहिलं खोकं छातीशी धरून वॉर्डात शिरला तेव्हा आईची बाटली संपत आली होती. त्याने दुसरी लावली. डॉक्टरीणबाईंनी नळी धरली. मग त्या दोघांनी पुढची खाट घेतली, मग त्यापुढची. पथक व्हरांड्यात पसरलं. संध्याकाळपर्यंत दवाखान्यातल्या प्रत्येक खिळ्याला, खुंटीला आणि खिडकीच्या गजाला बाटली टांगलेली होती. आईला त्या दिवशी पहिल्यांदा लघवीला झाली, आणि ती बातमी ऐकून कंपाउंडर कपाटाआड जाऊन रडला.

पुढे सगळं रीतसर झालं. पुलापलीकडचं गाव साथीतून सावरलं म्हणून त्याला शाबासकीचं पत्र आलं. आपल्या गावाला, संपूर्ण साथीच्या काळात एकही रोगी न होऊ दिल्याबद्दल, चकचकीत चौकटीतलं प्रशस्तिपत्रक आलं. नगराध्यक्षांनी ते भिंतीवर लावलं. त्यांनाही अजून अशक्तपणा होता. डॉक्टरीणबाईंनी नियम बदलावा म्हणून राजधानीला सविस्तर लिहिलं. त्यावर उत्तर आलं की आपल्या गावात साथ झालेलीच नसल्यामुळे या विषयात आपला संबंध पोचत नाही. सम्राट देखरेखीतून सुटून परतले ते चार किलो कमी होऊन, आणि प्रकरण आपण दुसऱ्या गावात वेषांतर करून राहून सोडवलं, असं लिहून घ्यायला त्यांनी कंपाउंडरला बोलावलं. या वेळी कंपाउंडरकडे रिकामं खोकं नव्हतं.

बाईंनी मात्र हार मानली नाही. निदान आपल्या रोग्यांची नावं तरी आपल्या गावात परत घ्या, असं दुसरं पत्र त्यांनी लिहायला घेतलं. आई घरी जायला निघाली त्या दिवशी कंपाउंडर नावं सांगत होता आणि बाई लिहीत होत्या. आई पिशवी मांडीवर घेऊन ऐकत बसली होती.

"हे काय चाललंय?" तिने विचारलं.

कंपाउंडरने तिला समजावून सांगितलं. सरकारच्या नकाशात ती इथली नाही, पुलापलीकडची म्हणून लागलेली आहे. एवढे दिवस ती आजारी होती ती तिथे. बरी झाली तीही तिथेच.

"म्हणजे माहेरी?"

"कागदावर."

आई थोडा वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. "लग्न होऊन आले तेव्हापासून माहेरपणाला म्हणून कधी गेले नाही मी," ती म्हणाली. "आधी सासूबाई होत्या, मग तू झालास, मग हे आजारी पडले. कुणी नको म्हटलं असं नाही, पण चल म्हणून कुणी विचारलंही नाही."

मग ती डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाली, "मॅडम, बाकीच्यांना खुशाल परत आणा. माझं नाव राहू द्या तिकडेच."

बाईंनी लिहिणं थांबवलं, कंपाउंडरकडे पाहिलं, आणि यादीतलं तिचं नाव खोडलं.